नुसता मासा

मी बारावीला नापास झाले त्या वर्षीच्या माघात, एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, बयो नावाच्या साडेचार वर्षांच्या मुलीने कोळीवाड्याच्या बालवाडीत भिंतीवर लावलेल्या तक्त्यातला मासा नखाने फाडला. फाटलेली जागा माशाच्या डोळ्याच्या मागे होती. अर्धगोल, बोटभर लांब. तक्ता सरकारी होता. तपासणीला अकरा दिवस उरले होते. खोलीत मी आणि एकवीस मुले होतो. बयोने सुटलेला कागद उचलून धरला, आत डोकावून पाहिले आणि माझ्याकडे वळून सांगितले, "पांढरा हाय." ती काय सांगत होती ते मला कळले नाही. मी तिच्या हातावर चापट मारली. ती रडली नाही. चापट का बसली हे समजून घ्यायचे असल्यासारखी ती माझ्याकडे बघत राहिली.

बालवाडी माझी नव्हती, आत्याची होती. मार्गशीर्षात होडीतून उतरताना धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि उजव्या पायाचे हाड मोडले. प्लास्टर मांडीपर्यंत होते. वडिलांनी मला म्हसळ्यामार्गे जाणाऱ्या एसटीत बसवले आणि सांगितले की अभ्यास तिथेही होतो. आमचे गाव माणगावपासून आत डोंगराकडे. भाताची शेती, घरात दोन बैल, दारात नदी. आमच्याकडे समुद्र पोत्यातून यायचा: सुके बोंबील, जवळा, सोडे. पाण्यातला समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा लांबून. कोळीवाड्यात उतरले तेव्हा आपण समुद्राबाबत अडाणी आहोत हे मला माहीत नव्हते. माहीत नसल्यामुळे त्रासही नव्हता.

आत्याचे घर म्हणजे दोन खोल्या आणि पडवी. बालवाडीची खोली त्याच भिंतीला लागून होती. पूर्वी तिथे मच्छीमारांची जाळी ठेवत. जाळी गेली तरी डांबराचा वास गेला नव्हता, आणि दमट दिवसांत तो मुलांच्या केसांनाही येई. आत्या भिंतीच्या अलीकडे खाटेवर पडून असे आणि पलीकडचे सगळे ऐके. माझे काही चुकले की ती काठीने भिंत ठोकायची. एकदा ठोकले म्हणजे आवाज कमी कर. दोनदा ठोकले म्हणजे मुलाला बोलू दे. दोनदाचा ठोका जास्त वेळा येई. काका होड्यांची इंजिने दुरुस्त करत. पहाटे साडेचारला इंजिने सुरू झाली की अंथरुणातूनच ते पुटपुटत, "ही भाग्यलक्ष्मी. हिचा नोझल गेलाय." मला सगळ्या इंजिनांचा आवाज सारखाच वाटे. संध्याकाळी आम्ही तिघे भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसायचो. दुसऱ्या दिवशी त्याचे बिरडे, तांदळाची भाकरी आणि कोकमाचे सार. वाल सोलताना दिवसाचा हिशेब व्हायचा; कोण काय बोलले, कोणाला ताप आला, कोण कोणाला चावले. एका संध्याकाळी मी तक्रार केली की मुले शिकतच नाहीत, नुसती प्रश्न विचारतात. आत्याने वालाचे साल माझ्या दिशेने उडवले. "शोभे, तुला शिकवायला नाही बोलावलं, सांभाळायला बोलावलंय. शिकवायचंच असेल तर आधी ती काय बोलतायत ते ऐक. बारावीत कोणाचं ऐकलं नाहीस, निदान बालवाडीत ऐक."

रोज साडेदहाला मुलांना किनाऱ्यावर न्यायचे असा आत्याचा नेम होता. खोलीपासून पाण्यापर्यंत मोठ्या माणसाला पाच मिनिटे पुरत. आम्हाला ओहोटीच्या दिवशी पाऊण तास लागे. कारण वाळूत असायचे. पाणी मागे गेले की ओल्या वाळूत शेंगदाण्याएवढ्या खेकड्यांची बिळे उघडत आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी पडे. मधे भोक, भोवती रांगोळीसारख्या रेघा. त्या वाटेवरून मी जवळजवळ दोन महिने चालले होते आणि मला त्या एकदाही दिसल्या नव्हत्या. दाम्या नावाचा चार वर्षांचा मुलगा एक दिवस माझी साडी ओढून म्हणाला, "बाई, लाडवांवर पाय नको देव. चिंबोरीनं आता वळलंय." मी खाली बघितले. माझ्या चपलेखाली तीन रांगोळ्या मोडल्या होत्या. मुले त्या सगळ्या नक्ष्यांना वळसा घालून जात, म्हणून पाऊण तास. पोटावर पालथी पडून, श्वास रोखून, ती खेकडा बाहेर येण्याची वाट बघत. त्या दिवसापासून मीही पालथी पडू लागले. खेकडा वाळू तोंडाशी नेतो, त्यातले खाण्याजोगे काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. कोणत्याही पुस्तकात वाचण्याआधी पाहिलेली ती माझी पहिली गोष्ट असावी. वाळूवर पाण्याने उठवलेल्या लाटालाटांच्या खुणांना मुले पाण्याची पावले म्हणत. पाणी गेले कुठे, असे मी विचारले की ती त्या पावलांच्या दिशेने बोट दाखवत. दिशा बरोबर असे.

तक्ता पौषात आला. तालुक्याच्या कार्यालयाने गुंडाळी करून पाठवला होता. बारा चित्रे, प्रत्येकाखाली ठळक अक्षरात नाव. सफरचंद मुलांनी पाहिलेले नव्हते. त्यांनी ते तांबडा पेरू म्हणून मिटवून टाकले. आगगाडीला एसटीची रांग म्हटले. या चुका मी समजू शकत होते. सातवे चित्र माशाचे होते आणि मला वाटले, निदान इथे अडचण येणार नाही. चित्रातला मासा निळा होता, शेपूट लाल, अंगावर खवल्यांच्या कंसासारख्या रेघा, तोंड किंचित हसरे.

"हे काय आहे?" मी विचारले.

मुलांनी माना पुढे काढून चित्र न्याहाळले. मग दाम्या म्हणाला, "बोय."

"बोयाचा शेपूट असा असतो का रे येड्या?" सुगंधा नावाच्या मुलीने त्याला ढकलले. "जिताडा हाय."

"जिताड्याचा तोंड केवढा!" दाम्या म्हणाला. "यो तर हसतंय."

"हा मासा आहे," मी म्हणाले.

बयो पुढे बसली होती. तिने विचारले, "कंचा?"

"कुठला म्हणजे? मासा. नुसता मासा."

"नुसता मासा कसा असल?"

मला तेव्हा आठवले की कोळीवाड्यात माशाला म्हावरा म्हणतात, आणि मी म्हणाले, "बरं, म्हावरा. म्हावरा म्हण."

"म्हावरा टोपलीत असतो," बयो म्हणाली. "यो एकलाच हाय."

भिंतीवर काठीचे दोन ठोके पडले.

पुढे मी तीस वर्षे वर्तमानपत्रात काम केले, त्यातली बरीच दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात. एका चक्रीवादळानंतर दिवेआगरकडून आलेल्या पहिल्या बातमीत 'असंख्य झाडे उन्मळून पडली' असे वाक्य होते. मी वार्ताहराला फोन करून विचारले, कोणती? तो म्हणाला, माड आणि पोफळी, आणखी कोणती असणार? मी म्हणाले, मग तसे लिहा. हा प्रश्न मी कोणाकडून शिकले ते त्याला सांगितले नाही.

त्या 'कंचा?'च्या दिवसानंतर बयो रोज तक्त्यासमोर उभी राही. तिची अडचण एकच होती आणि ती तिने मला दोनदा सांगितली होती: याला कल्ला नाही. माशाच्या डोक्यामागची जी झडप उचलून बायका आतला रंग बघतात, ती चित्रकाराने काढलीच नव्हती. बयोच्या मते झडप होती, पण चिकटलेली होती. बयोची आई चांगुणा रोज सकाळी टोपली घेऊन म्हसळ्याच्या बाजारात जाई. टोपली भरताना प्रत्येक मोठ्या माशाचा कल्ला उचलून बघायचा आणि तो लाल नसेल तर मासा बाजूला टाकायचा, हे बयोने जन्मापासून पाहिलेले. मंगळवारी तिने तेच केले. कागद उचलला. आत चुन्याची भिंत होती.

"पांढरा म्हणजे शिळा," संध्याकाळी काकांनी मला समजावले आणि वालाचे ताट मांडीवरून खाली ठेवून हसत सुटले. "अगं, पोरीनं सरकारचा मासा नापास केला!"

आत्या हसली नाही. त्या संध्याकाळी तिने मला तपासणीचा कागद पहिल्यांदा वाचायला दिला. खाडीपलीकडच्या मोठ्या गावात दुसरी बालवाडी होती. दोन्हींची गरज आहे का, हे तपासणीनंतर ठरणार होते. मुले तक्त्यातली चित्रे ओळखतात की नाही यावर गुण होते. कमी पडले तर आमची बालवाडी बंद होऊन मुले पलीकडच्या बालवाडीत जाणार होती. म्हणजे जाणार नव्हती; खाडी ओलांडून चार वर्षांच्या मुलाला रोज होडीने कोण नेणार? चांगुणाचा नवरा आठ-आठ दिवस समुद्रात असे. सासू नव्हती. बयो बालवाडीत असायची तेवढ्या वेळात चांगुणा बाजार करून येई. त्याआधीचे वर्षभर तिने बयोला बाजारात शेजारी गोणपाटावर बसवले होते, आणि एकदा बयो एसटी स्टँडपर्यंत एकटी चालत गेली होती. आत्याने हे सगळे एका दमात सांगितले आणि म्हणाली, "आता तुझ्या लक्षात आलं का, तो कागद का महत्त्वाचा आहे ते?"

लक्षात आले, आणि मी जे केले ते असे. फाटलेला भाग भाताच्या पेजेने चिकटवला. तो सुकला की पुन्हा सुटे, कारण बयो आणि आता इतरही मुले येता-जाता तो उचलून बघत. किनाऱ्यावर नेणे बंद केले. रोज दोन तास छडी तक्त्यावर आपटून विचारले, "हे काय?" आणि एकवीस तोंडांतून "मासा!" येईपर्यंत थांबायचे नाही असे ठरवले. चौथ्या दिवशी वीस तोंडांतून आले. मुले आता हाताची घडी घालून बसत. प्रश्न विचारत नव्हती. दाम्याने एकदा खिडकीतून वाळूकडे बघितले आणि माझ्याकडे बघून पुन्हा हाताची घडी घातली. भिंतीवर ठोके येत राहिले, दोन-दोन. मी ते ऐकले आणि थांबले नाही. बयो मासा म्हणत नव्हती. हट्टाने नव्हे, छडी सातव्या चित्रावर आली की ती विचार करत राही.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी चांगुणाच्या घरी गेले. ती अंगणात जवळा पसरत होती. मी म्हणाले, "उद्या एक दिवस बयोला घरी ठेवा. बाई येणार आहेत."

चांगुणाने हात थांबवले नाहीत. "का? तिला खरूज झालीय?"

"ती तक्त्यातला मासा ओळखत नाही."

"माजी पोर म्हावरा वळखत न्हाय?" आता ती उभी राहिली. "कोन बोलला?"

मी चित्राची गोष्ट सांगितली. कल्ल्याची, फाटलेल्या कागदाची, 'पांढरा'ची. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत होता. हसू येत होते की राग, मला ठरवता आले नाही. शेवटी म्हणाली, "गो बाय, मी बाजारात आजवर शिळा म्हावरा ताजा म्हनून इकला न्हाय. गिऱ्हाईक परत गेला तरी चालंल. आन पोरीला सांगू, की शिळा दिसला तरी गप बस?"

"बालवाडी बंद झाली तर तुमचंच नुकसान आहे."

"व्हय. माजाच हाय." ती पुन्हा जवळ्याकडे वाकली. "म्हनून तर ती येनार. आन उद्या मी बी बाजारात जानार न्हाय. दारात बसतंय."

तपासणीच्या बाई सकाळी साडेनऊला खाडीपलीकडून, ओहोटीआधीच्या शेवटच्या होडीने आल्या. पाणी उतरायला लागले होते. त्यांना परत नेणारी होडी दुपारी साडेतीनच्या आधी सुटणार नव्हती. बाई घाटावरच्या, पन्नाशीच्या आसपास, सुती साडी, खांद्यावर कापडी पिशवी. चिखलातून उतरताना एक चप्पल रुतली होती, ती त्यांनी हातात धरली होती. आत्या कुबडीवर दारापर्यंत आली. चांगुणा उंबऱ्याच्या बाहेर बसली होती, शेजारी झाकलेली टोपली. बाईंनी हजेरी पाहिली, मुलांच्या खाऊच्या सुकडीचे डबे पाहिले, चप्पल पाण्याने धुतली, आणि तक्त्याकडे वळल्या. सहा चित्रे सुरळीत गेली. तांबडा पेरूसुद्धा सफरचंद झाला.

"हे काय?"

"मासा!" मुले ओरडली. बयो ओरडली की नाही हे मी बघत होते. तिचे ओठ हलले नव्हते. मी मनात म्हटले, वीस पुरेत. बाईंनी कागदावर खूण करायला पेन टेकवले.

तेवढ्यात बयो म्हणाली, "शिळा."

"काय म्हणाली ही?"

मी म्हणाले, "काही नाही बाई, ती लहान आहे." आणि बयो उठली. तक्त्यापाशी गेली, टाचा उंचावल्या, कागदाची झडप नखाने उचलली आणि बाईंना बोलावले. "ये, बग. पांढरा हाय. घेऊ नको."

बाई वाकल्या. त्यांनी त्या फटीतून खरोखर आत पाहिले. मग माझ्याकडे बघून विचारले, "तक्ता कोणी फाडला?"

मी उत्तर द्यायच्या आत बयोने सांगितले, "मी. कल्ला चिकटला होता."

दारातून चांगुणाचा आवाज आला, "बाई, तुमी म्हावरा खाता का?"

"कधीतरी," बाई म्हणाल्या. "घेता येत नाही. कोणी देईल तो घेते."

"मग तुमाला रोज शिळाच देत असतील." चांगुणाने टोपली उंबऱ्याच्या आत सरकवली आणि वरचे फडके काढले. टोपलीत दोन हलवे, काही बोया आणि एक शिंगाळा होता. "बयो, दाव बाईला."

बयो टोपलीपाशी बसली. तिने एका बोयाचा कल्ला बोटाने उचलला. आत गडद लाल होते. "यो ताजा." दुसरा उचलला. "यो बी." मग दाम्या आला, सुगंधा आली, हाताची घडी सोडून सगळीच आली. बाई खाली बसल्या. साडी ओली होईल म्हणून मी पाट पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी स्वतः एक बोट पुढे केले, मागे घेतले, पुन्हा पुढे केले आणि हलव्याचा कल्ला उचलला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढं लाल!"

"जोरात नको उचलू," दाम्याने त्यांना सांगितले. "त्याला काटं हायत. तुना टोचतील."

पुढचा दीड तास बाईंनी प्रश्न विचारले. हा कोणता, तो कुठे राहतो, याला मिशा कशाला, पाण्यात असताना हा झडप उघडतो का. शेवटच्या प्रश्नावर मुलांत दोन तट पडले, आणि दाम्याने गाल फुगवून, हात कानांशी नेऊन, उघडमीट करून दाखवली. मी वहीत नावे लिहून घेत होते. मला त्यातली बहुतेक माहीत नव्हती. तक्त्याची उरलेली पाच चित्रे विचारायची राहून गेली. साडेअकराच्या सुमारास कोणाच्या तरी लक्षात आले आणि ती घाईने उरकली.

जेवायला आत्याकडे बिरडे आणि हलव्याचे कालवण होते. जेवण झाल्यावर बाईंनी पिशवीतून छापील कागद काढला. सातव्या चित्रापुढे दोन रकाने होते: ओळखले, ओळखले नाही. त्यांनी पेन हातात घेऊन मला विचारले, "काय लिहू?"

"ओळखले," मी म्हणाले.

आत्या खाटेवरून म्हणाली, "झालं ते लिहा, बाई. जागा कमी पडली तर मागे लिहा."

बाईंनी कागद उलटा केला आणि बराच वेळ लिहिले. त्या काय लिहीत होत्या ते आम्हाला दिसत नव्हते आणि आम्ही विचारले नाही. साडेतीनला काका त्यांना होडीपर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी मुलांना किनाऱ्यावर नेले. बयोला चापटीबद्दल मी काही बोलले नाही. आज बोलले असते असे वाटते, पण याची खात्री देता येत नाही.

फाल्गुन संपत असताना टपाल आले. आत्याचे प्लास्टर निघाले होते आणि मी जायच्या तयारीत होते. पाकिटात दोन कागद होते. पहिला बाईंच्या शेऱ्याची प्रत: 'क्र. ७. सर्व मुलांनी चित्र मासा म्हणून ओळखले. एका मुलीने तो ताजा नसल्याचे सांगितले व कारण दिले. कारण प्रत्यक्ष मासे पाहून तपासले. बरोबर आहे. तक्ता मुलांनी पाहण्यासाठी हाताळल्याने फाटला आहे.' दुसऱ्या कागदावर तीन ओळी होत्या. बालवाडी आहे त्या जागी चालू ठेवावी, असे त्यात होते.

चांगुणाला वाचता येत नव्हते. मी तिला दोन्ही कागद धक्क्यावर वाचून दाखवले. ती टोपली डोक्यावर घेऊन उभी होती आणि एसटी यायची वेळ झाली होती. तिने विचारले, "म्हंजे उद्या हाय ना?"

मी म्हणाले, "आहे."

दुसऱ्या दिवशी अठरा मुले आली. बयो सव्वानऊला आली आणि बाराला चांगुणा तिला घेऊन गेली.